हरणाच्या मागावर जायचंय? बदलापूर-अंबरनाथच्या रानात बंदूक चालत नाही, मग सामान कोणतं घ्यायचं?

रीलचा अल्गोरिदम एकदा का जंगलाकडे वळला, की पुढचे दोन दिवस तेच दिसत राहतं. अमेरिकेतला कुणीतरी दाढीवाला पहाटे झाडावर चढून बसलेला असतो. अंगात पानांच्या छापाचं जॅकेट, हातात दुर्बीण लावलेली रायफल आणि व्हिडिओखाली सामानाची भलीमोठी लिस्ट. बूट कुठले, चाकू कुठला, टॉर्च किती लुमेनचा. खाली कमेंटमध्ये आपलेच लोक विचारत असतात, भावा हे इंडियात कुठं मिळेल?

मिळतं. त्यातलं बरंचसं ऑनलाइन मिळतं आणि काही उल्हासनगरच्या बाजारातही मिळतं. प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा आहे की तिकडे हरणाची शिकार लायसन्स काढून, ठरलेल्या हंगामात करता येते. इकडे ती करता येत नाही, आणि त्या लिस्टमधल्या काही वस्तू घेऊन तुम्ही बारवीच्या जंगलाकडे निघालात तर घरी परत यायच्या आधी वन विभागाच्या ऑफिसात बसावं लागेल.

पण हरणाच्या मागावर जाण्याची हौस काही गुन्हा नाही. ते बघायला जाता येतं. त्यासाठी जे सामान लागतं, त्यातलं अर्ध शिकाऱ्यांच्याच अनुभवातून आलेलं आहे. म्हणून आधी कायदा काय सांगतो ते थोडक्यात बघू, मग बॅग भरू.

शिकारीला खरंच पूर्ण बंदी आहे का?

हो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. गंमत म्हणजे हा कायदा आला तेव्हा शिकार पूर्ण बंद झाली नव्हती. मोठ्या जनावरांसाठी वेगळा परवाना, लहान जनावरांसाठी वेगळा, अशी सोय सुरुवातीला कायद्यातच होती. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने काढून टाकले. तेव्हापासून हौसेची शिकार हा प्रकारच संपला. त्यामुळे आजोबा परवाना काढून शिकारीला जायचे हे खरं असू शकतं, पण त्यांची गोष्ट सांगून नातवाला सूट मिळत नाही.

दुसरी गोष्ट, शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. कायद्याच्या व्याख्येत जनावर मारणं, पकडणं, विष घालणं, फासा लावणं, हाकारा घालून पळवणं, आमिष दाखवणं हे सगळं येतं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं हेही येतं. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा होतोच.

शिक्षा? २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा विषय असेल, किंवा शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार रुपये दंड. बाकी प्रकरणांत ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कलम ३९ विसरू नका. ज्या गाडीतून गेलात, जी बंदूक वापरली, जी जाळी लावली ते सगळं सरकारजमा होतं. हप्त्यावर घेतलेली बाईकसुद्धा.

एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९९८ मध्ये 'हम साथ साथ हैं'च्या शूटिंगच्या काळात जोधपूरजवळच्या कांकाणीतलं काळवीट प्रकरण. खटला चालला आणि ५ एप्रिल २०१८ ला जोधपूरच्या कोर्टाने सलमान खानला ५ वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे जामीन, अपील हे सगळं झालं, पण एका रात्रीच्या जीपच्या फेरीने माणूस वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. त्याच्याकडे निदान वकिलांची फौज होती.

(आणि हो, काळवीट हे तांत्रिकदृष्ट्या हरीण नाही. हरणाची शिंगं भरीव असतात आणि दरवर्षी गळून नवी येतात. काळविटाची आतून पोकळ, जन्मभर तीच राहतात. मराठीत आपण दोघांनाही हरीणच म्हणतो, त्यामुळे हा घोळ होतो.)

मग बॅगेत काय नको?

सगळ्यात आधी एअरगन. 'लायसन्स लागत नाही' असं सांगून ती विकली जाते आणि ते अर्धसत्य आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यापुढच्याला लागतो. पण परवाना न लागणारी एअरगन घरात ठेवणं वेगळं आणि तिने रानात होला किंवा ससा टिपणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला वन्यजीव कायदा लागतो, तिथे बंदुकीची नळी किती इंचाची हे कुणी विचारत नाही. अरुणाचल प्रदेशात तर २०२१ मध्ये लोकांनी आपणहून एअरगन सरकारकडे जमा कराव्यात अशी मोहीमच काढली होती, आणि लोकांनी त्या जमाही केल्या.

दुसरी वस्तू म्हणजे बेचकी. आता ती 'प्रोफेशनल हंटिंग स्लिंगशॉट' अशा झकपक नावाने स्टीलच्या गोळ्यांसकट घरपोच येते. नाव बदललं तरी काम तेच.

तिसरी म्हणजे क्लच वायरचा फासा. हा सगळ्यात वाईट, कारण तो लावून माणूस घरी जातो आणि त्यात कोण अडकेल हे त्याच्या हातात राहत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या अडकल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येतच असतात. आणि बिबटे आपल्यापासून लांब नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात एक बिबट्या थेट इमारतीत शिरला होता.

चौथी गोष्ट मटण. 'आम्ही मारलं नाही, फक्त विकत घेतलं' हे चालत नाही. शिकारीचं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हाच आहे. यात एक कडू सत्य आहे. शहरातल्या माणसाला फार्महाऊसवर रानडुक्कर किंवा भेकराचं मटण हवं असतं, तो वाडीवरच्या एखाद्या पोराला हजार-दोन हजार देतो. पकडला गेला तर केस त्या पोरावर होते, आणि ज्याने ऑर्डर दिली तो लोकलने निघून गेलेला असतो.

रानात गळून पडलेलं शिंग दिसलं तर तेही घरी आणू नका. भिंतीवर छान दिसतं, पण तेही वन्यप्राण्याचा अवशेषच धरलं जातं.

इकडे हरणं आहेत तरी कोणती?

आहेत, पण रीलमधल्यासारखी कळपाने उभी नसतात. उल्हासनगर-अंबरनाथच्या पूर्वेला आणि दक्षिणेला मलंगगड, ताहुली, चंदेरी, माथेरान असा डोंगराचा पट्टा आहे आणि बदलापूरच्या पलीकडे बारवी धरणाचं जंगल. या भागातल्या सह्याद्रीच्या उतारांवरचं खास जनावर म्हणजे भेकर. खांद्यापाशी दोन-सव्वादोन फूट उंच, वजन पंचवीस किलोच्या आसपास, रंगाने तांबूस. ते घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. पहिल्यांदा ऐकणारा हमखास फसतो, वाटतं गावातलं कुत्रं वर आलंय. तेच ते भुंकणं थांबत नसेल तर आसपास बिबट्या असू शकतो, एवढं समजून शांतपणे मागे फिरायचं.

त्याहून लाजाळू म्हणजे पिसोरी. ससापेक्षा थोडीशी मोठी, वजन तीन किलोच्या आसपास, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. नराला शिंगं नसतात, सुळे असतात. ती बहुतेक रात्रीच फिरते, त्यामुळे दिसली तर नशीब. सांबर आणि चितळ खात्रीने बघायचे असतील तर बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठा. भीमाशंकर आणि मुरुडजवळचं फणसाड हेही पर्याय आहेत.

म्हणजे आपल्याकडे जे बघायचंय ते जनावर लहान आहे, एकटं असतं, दाट झुडपात राहतं आणि सकाळ-संध्याकाळच्या अंधुक उजेडातच बाहेर येतं. सामान निवडताना हेच डोक्यात ठेवायचं.

पहिली चूक जीन्सची

उल्हासनगरात राहून जीन्सला नावं ठेवणं म्हणजे जरा जड काम आहे. अख्खं शहर जीन्सवर चाललं. गजानन मार्केटमध्ये पाचशेच्या आत जी पँट मिळते ती दादरला दुप्पट भावात जाते. पण रानात जीन्स नको, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं सगळ्यांना माहीत आहे. डेनिम जाड सुती कापड, भिजलं की जड होतं, वाळत नाही, मांड्या सोलून काढतं. पावसात चंदेरीच्या वाटेला जीन्स घालून गेलेला माणूस उतरताना कसा चालतो ते बघा.

दुसरं कारण मजेशीर आहे. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्याकडे तीन. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर यावर काम केलं. लाल आणि नारिंगी रंग हरणाला नीट वेगळा दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणूनच तिकडचे शिकारी भडक नारिंगी जॅकेट घालतात. दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा आणि हरणाला दिसू नये. म्हणजे निळी जीन्स घालून झुडपात लपणं म्हणजे हरणाला हात करण्यासारखं आहे. तिकडचे काही जण तर कपडे 'चमकदार सफेदी'वाल्या पावडरीत धूतही नाहीत, कारण त्यातल्या उजळवणाऱ्या रसायनाने कपडा हरणाला आणखी उठून दिसतो असं त्यांचं म्हणणं.

मग घालायचं काय? पॉलिस्टर किंवा नायलॉनची हलकी ट्रॅक पँट, मातकट, खाकी किंवा करड्या-हिरव्या रंगाची. वर पूर्ण बाह्यांचा तसाच शर्ट. मिलिटरी छापाची अजिबात गरज नाही. उलट त्या कपड्यांत वाडीजवळून गेलात तर लोक शिकारी समजून फोन लावतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. कापड घेताना दुकानातच कानाशी धरून चोळून बघा. चुरचुर आवाज आला तर ठेवून द्या. स्वस्त रेनकोटांचा हाच प्रॉब्लेम असतो, पाऊस अडतो पण प्रत्येक पावलाला प्लास्टिकची पिशवी वाजल्यासारखं होतं. त्यापेक्षा सैलसा पोंचो बरा, बॅगही झाकली जाते. फक्त कड्यावर वारा असेल तेव्हा तो गुंडाळून ठेवायचा.

डिओ, अत्तर, तेलाचा वास घरी ठेवून या. भेकराचं नाक तुमच्या कपड्यांच्या रंगापेक्षा जास्त काम करतं. खिशात टाल्कम पावडरची छोटी डबी असली की पुरे, चिमूटभर उडवली की वारा कुठे जातोय ते कळतं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा साधारण नैऋत्येकडून येतो, म्हणून तेव्हा पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत जाणं फायद्याचं. वास मागे राहतो.

बूट: इथे पैसे वाचवा, पण अक्कल लावून

सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरणाऱ्या माणसाला विचारलं तर तो हजार-बाराशेच्या घरातल्या 'ॲक्शन ट्रेकिंग' बुटांचं नाव घेईल. दिसायला शाळेच्या बुटासारखे, पण ओल्या कातळावर धरून ठेवतात. काहीजण डेकॅथलॉनचे बूट घेतात, तेही ठीक. घोटा झाकणारा बूट घेतलात तर घसाऱ्यावर पाय मुरगळण्याची भीती कमी आणि साप-विंचवाच्या दृष्टीनेही बरं.

खरा धोका आहे तो नकली मालाचा. उल्हासनगरची ओळखच अशी की 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा जोक आता इतका जुना झालाय की सिंधी लोक स्वतःच तो आधी सांगतात. त्यात कौतुकही आहे. ८ ऑगस्ट १९४९ ला ज्या शहराची पायाभरणी झाली, लष्कराच्या जुन्या छावणीत सगळं गमावून आलेल्या निर्वासितांनी जे उभं केलं, तिथल्या माणसांनी मिळेल ती वस्तू बनवायला शिकून घेतली. पण रानात नेण्यासाठी कॉपी घेताना दोन भाग करा. जी वस्तू तुटली तर फक्त चिडचिड होईल ती इथली बिनधास्त घ्या. जी तुटली तर हात-पाय मोडेल ती इथली घेऊ नका.

बॅग, टोपी, मोजे, पाण्याची बाटली, ड्राय पाऊच हे पहिल्या भागातलं. बॅग २५ ते ३० लिटरची पुरते. घेताना नाव बघू नका, खांद्याचा पट्टा जिथे शिवलाय तिथली शिलाई बघा. आडवी-तिडवी दुहेरी शिलाई हवी. घरी आणून तिच्यात आठ-दहा किलो तांदूळ भरून रात्रभर खिळ्याला टांगून ठेवा. सकाळी टाके ओढले गेले असतील तर पावती जपून ठेवली असेल अशी आशा आहे. चेन दहा वेळा उघड-बंद करायची, कोपऱ्यात अडकते का बघायचं. आत जाड कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी घातली की वॉटरप्रूफ बॅगेचे दोन-तीन हजार वाचतात.

बुटाचा तळ दुसऱ्या भागात येतो. दुकानाच्या लादीवर पाणी ओता, दुकानदार ओरडेल, ओरडू दे. बूट घालून त्यावर पाय रेटून बघा. तळ प्लास्टिकसारखा टणक आणि चकचकीत असेल तर शेवाळावर घसरणार. रबर नखाने थोडं दबलं पाहिजे. दोरी आणि कॅराबिनर तर बाजारातून घेऊच नका. चावीला लावायचं कॅराबिनर आणि माणसाचं वजन पेलणारं कॅराबिनर दिसायला सारखंच असतं. खऱ्यावर किती किलोन्यूटन भार पेलेल तो आकडा आणि प्रमाणपत्राची खूण कोरलेली असते, आणि हल्ली तीही खोटी कोरता येते. हरीण बघायला जाणाऱ्याला तसंही दोरी लागत नाही. लागत असेल तर तुम्ही चुकीच्या वाटेवर आहात.

दुर्बीण: जास्त झूम म्हणजे जास्त चांगली असं नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. ऑनलाइन '५०X झूम' वगैरे लिहिलेली दुर्बीण हजार रुपयांत मिळते. ती घेऊ नका.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात, समजा ८x४२. पहिला म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. साधारण तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यात जातो. आता छोटी १०x२५ घ्या, तिथे आकडा येतो अडीच. भर दुपारी दोन्हींत फरक जाणवत नाही, कारण उन्हात आपली बाहुलीच अडीच-तीन मिलिमीटरची होते. पण पहाटे सहाला झाडीच्या सावलीत बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते आणि अडीचवाल्या दुर्बिणीत सगळं काळं दिसतं. भेकर नेमकं त्याच वेळी बाहेर येतं.

झूम वाढवला की हात हलण्याचाही झूम होतो आणि दिसणारा भाग अरुंद होतो. झुडपात काहीतरी हललं, तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावली आणि ते सापडेपर्यंत जनावर गेलेलं असतं. म्हणून आपल्या रानासाठी ८x४२ किंवा ८x४० हाच आकडा. ऑलिंपसची ८x४० डीपीएस ही पक्षी बघणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं चाललेली, तुलनेने स्वस्त दुर्बीण आहे, पण ती वॉटरप्रूफ नाही, पावसात जपावी लागते. बजेट थोडं वाढवता आलं तर आत नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ घ्या. आतून धुकं धरत नाही आणि कोकणच्या दमट हवेत भिंगावर बुरशीही लवकर चढत नाही. चष्मा असेल तर 'आय रिलीफ' १५ मिलिमीटरच्या वर आहे ना ते बघा, नाहीतर चष्मा काढ-घाल करण्यातच सकाळ जाईल.

परत आल्यावर दुर्बीण बॅगेत तशीच ठेवू नका. डाळीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवली की झालं.

सलीम अलींची गोष्ट इथे आठवतेच. मुंबईत वाढणाऱ्या या पोराच्या हातातही आधी छऱ्याची बंदूकच होती. त्याने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं, तिथे मिलार्ड नावाच्या सचिवांनी पेढ्यांच्या डब्यासारखे ड्रॉवर उघडून त्याला जपून ठेवलेले पक्षी दाखवले. पुढे हा पोरगा देशाचा सगळ्यात मोठा पक्षितज्ज्ञ झाला. आज तसं कुणी चिमणी घेऊन गेलं तर आधी केस होईल, हा भाग वेगळा.

पाणी, साप आणि अंधार

दुर्बीण विसरलात तर फार तर हरीण दिसणार नाही. पुढचं विसरलात तर परत यायचे वांधे.

बदलापूरजवळचं कोंडेश्वर दर पावसाळ्यात बातमीत असतं, आणि बातमी बहुतेक वेळा बुडाल्याचीच असते. डोहाची खोली वरून कळत नाही. त्याहून फसवं म्हणजे वर डोंगरात पडलेला पाऊस. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि ओढ्याचं पाणी दहा मिनिटांत गुडघ्यावरून कमरेला येतं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. जिथे अख्खी ट्रेन अडकते तिथे ओढ्यात उभं राहून सेल्फी किती वेळ टिकणार? धबधबे आणि धरणांच्या परिसरात पावसाळ्यात प्रशासन बंदीचे आदेश काढतं. निघायच्या आदल्या दिवशी ते तपासा. बंदी असेल तर दुसरीकडे जा.

यासाठी सामान काय? पाण्यासाठी सामान नसतं, परत फिरायची तयारी असते. जाताना ओढा ओलांडला असेल तर येतानाही तोच ओलांडायचाय, एवढं लक्षात ठेवलं की बरेच निर्णय सोपे होतात.

सापांमध्ये घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार हे चार जीवघेणे. हातात काठी हवी, गवतात पुढे आपटत चालायला. पिंडरीला गुंडाळायचे गेटर मिळाले तर उत्तम, चिखल आणि गोचीडही अडतात. चावलाच तर ब्लेडने कापणं, तोंडाने विष ओढणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठी-घड्याळ काढायचं, हात-पाय न हलेल असा ठेवायचा, १०८ ला फोन करायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा. या पट्ट्यात उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. 'सर्पदंश किट' म्हणून जे पंपासारखं खेळणं ऑनलाइन मिळतं त्यावर एक रुपया घालवू नका.

हेडटॉर्च प्रत्येकाकडे एक, सोबत जास्तीच्या बॅटऱ्या. हा उतरायला उशीर झाला तर लागतो, रात्री जंगल धुंडाळायला नाही. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि रात्री झगमगता सर्चलाइट घेऊन फिरणाऱ्याला वनरक्षक पक्षीनिरीक्षक समजेल अशी अपेक्षा ठेवू नये. शिट्टी, ऑफलाइन मॅप, पॉवर बँक, ओआरएसच्या पुड्या हे आलंच. मार्च ते मे जात असाल तर माणशी तीन लिटर पाणी, कमी नाही. त्या दिवसांत वरचे झरे आटलेले असतात, आणि जिथे थोडं पाणी असतं ते जनावरांचं असतं.

सोबत कोण?

या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो तो वाडीवरचा माणूस. डोंगराच्या पायथ्याला ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. भेकर कुठल्या ओहोळावर उतरतं, यंदा कुठे दिसलं, हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं कुठल्याही ॲपला नसतं. त्यांना दिवसाची मजुरी ठरवून द्या, 'चहापाण्याला' म्हणून पन्नास रुपये नकोत. चिखलातले दोन बोटांचे खुरांचे ठसे, लेंड्या, झाडावर शिंग घासल्याची खूण हे सगळं ते चालता चालता दाखवतील. ठशाचा फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. भेकराचा ठसा नाण्याला नाणं असा, सांबराचा त्याच्या दुपटीहून मोठा.

स्पीकरवर भेकराचा आवाज लावून त्याला बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. मोबाईलवर तो आवाज घरीच ऐकून ठेवा, रानात फक्त कान उघडे ठेवा. ड्रोनही नको, वनक्षेत्रात त्याला परवानगी लागते.

आणि ज्यांना एकदा तरी शिकाऱ्यासारखं रात्रभर मचाणावर बसायचंय, त्यांच्यासाठी कायदेशीर सोय आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या अनेक अभयारण्यांत पाणवठ्यावर मचाणं बांधून प्राण्यांच्या नोंदी घेतल्या जातात, त्याला 'निसर्गानुभव' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी सामान्य माणसाला नाव नोंदवून, फी भरून भाग घेता येतो. जागा कमी असतात, म्हणून एप्रिलपासूनच वन विभागाच्या घोषणांवर लक्ष ठेवा. त्या रात्री लागतं ते सामान असं: ८x४२ ची दुर्बीण, गडद रंगाची चादर, न वाजणाऱ्या डब्यातला सुका खाऊ (वेफर्सचं पाकीट नेलं तर शेजारचा माणूस आयुष्यभर बोलणार नाही), पाणी, वही-पेन्सिल, लाल कागद लावलेला छोटा टॉर्च आणि मोबाईल बंद. कुठे फासा, जाळी किंवा बंदूकवाली टोळी दिसली तर मात्र तो चालू करून १९२६ ला फोन लावायचा. तो वन विभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' नंबर आहे. फासा स्वतः काढायला जाऊ नका. लांबूनच फोटो काढा, जागेचं लोकेशन सेव्ह करा आणि त्यांना पाठवा.